ब्रेकला तेलाचा हात

मी घरी आले हे आईला माझ्या हाकेनं कधी कळलंच नाही. साताऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उतार आहे आणि त्या उतारावर माझ्या लाल गाडीचे ब्रेक किंचाळायचे. तो आवाज आला की आई तव्यावर भाकरी टाकायची. मी गाडी लावून, हातपाय धुऊन जेवायला बसेपर्यंत भाकरीला पापुद्रा सुटलेला असायचा, शेजारी वाघ्या घेवड्याची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या काकू एकदा तक्रार घेऊन आल्या की ह्या आवाजानं आमच्या दातांना कळा येतात. आई म्हणाली, "येऊ द्यात की वो. पोरगी घरी आली येवढं तरी कळतंय." आता माझ्या भाच्याकडं विजेची गाडी आहे. पाय उचलला की ती आपली आपणच मंदावते, तिचे ब्रेक वर्षानुवर्षं झिजत नाहीत, असं तो अभिमानानं सांगतो. तो घरी येतो तेव्हा मात्र बेल वाजवल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही.

मी सांगलीला डिप्लोमा केला आणि साताऱ्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजायचे, नको तो बाजूला काढायचा. स्वभावच तसा बनला असावा, किंवा स्वभाव तसा होता म्हणून ते काम मिळालं असावं. कुठलीही वस्तू दिसली की ती आतून कशी आहे ते बघितल्याशिवाय मला जेवण गोड लागायचं नाही. पगारातून एक जुनी, छोटी, पण इंजिनानं खट्याळ अशी ती लाल चारचाकी घेतली. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. बर्फाच्या डोंगरांत त्यांनी मोठाले ट्रक चालवले होते. मला गाडी त्यांनीच शिकवली, वडूजजवळच्या आमच्या गावच्या माळावर. त्यांचं पहिलं सूत्र असं, की ब्रेक ही शेवटची गोष्ट. त्याच्या आधी गिअर आणि त्याच्याही आधी डोकं.

त्या दिवसांत पुण्याकडची काही गाडीवेडी मंडळी दक्षिणेतल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर जायची. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच रोजची गाडी तिथं मनसोक्त पळवायची. कुणाशी शर्यत नाही, फक्त आपल्याच वेळेशी. मी पण नाव दिलं. आईला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हंजे गोल गोल फिरायचं आन् परत हितंच यायचं? मग जायाचं कशापायी?" मी तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढली आणि निवडायला लागले.

पहिल्या खेपेला सुरुवातीचे फेरे स्वर्गात गेल्यासारखे गेले. मग एका लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, वळणाआधी, मी ब्रेक दाबला आणि पाय नुसता खाली गेला. दाबायला काही उरलंच नव्हतं. गाडी वळण सोडून बाहेरच्या वाळूत शिरली, गोल फिरली आणि धूळ उडवत थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही. पण पायाखालचा तो मऊपणा, तिथं काहीतरी असायला हवं होतं आणि ते नव्हतं, ही जाणीव पुढं कितीतरी रात्री झोपेत यायची. भीती वाटली हे कबूल करते. पण भीतीच्या मागोमाग प्रश्नही आला, की गेलं कुठं ते? सकाळी होतं, परत घरी येताना होतं, मग मध्येच गेलं कुठं?

घरी आल्यावर मी गाडी नेहमीच्या जागी लावली. आबांनी गाडीला एक चक्कर मारली, पुढच्या चाकापाशी वाकले, नाक लावलं आणि सरळ उभे राहिले. "उजे, ब्रेक भाजून आणलंयस." मग सगळं सांगावं लागलं. ते ओरडले नाहीत, त्यांचा राग आवाजात कधी येत नसे. पायरीवर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "तितं गिअर टाकला न्हाईस?"

"तिथं तेवढा वेळ नसतो, आबा."

"मग येळ नसला तरी धरंल असा ब्रेक कर. मला दाव, आन् मग जा. पाचगणीवरनं वाईला, पसरणीचा घाट. गाडीत मी आन् तुजी आई, मागं शेंगांची पोती. मोठ्या गिअरात, निस्त्या ब्रेकवर उतरायचं. वास आला, न्हाईतर पाय खाली गेला, तर ट्रॅकचं नाव काढायचं न्हाई."

जन्मभर गिअरची पोथी वाचणारा माणूस मला नुसत्या ब्रेकवर घाट उतर म्हणत होता. दिवाळीच्या आधी पुढची खेप होती आणि तिला जायचं की नाही, हे आता पसरणीच्या घाटावर ठरणार होतं. आबांनी एकदा शब्द टाकला की तो परत घ्यायची पद्धत आमच्याकडं नव्हती. मी रडून भेकून काही होणार नव्हतं, ब्रेकच करायला हवे होते.

आठवड्याची सुट्टी आली की मी सांगलीला पळायची. कराड ओलांडलं की दोन्ही बाजूंना ऊस, आणि सांगलीत शिरताना बाजाराकडून हळदीचा वास. माधवनगरच्या रस्त्याला श्रेयांसदादाचं सुट्या भागांचं दुकान होतं. डिप्लोमाला असताना मी तिथं प्रोजेक्टच्या निमित्तानं पडलेली असायची. त्याचा चष्मा कपाळावर, हातात कायम कसलातरी ब्रश, आणि तोंड एकदा सुरू झालं की आवरणं मुश्कील. फक्त एकच गोष्ट त्याला आवरायची, मावळता सूर्य. त्याच्या जैन घरात दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचा नेम होता, त्यामुळं कितीही रंगात आलेली चर्चा तो वाक्याच्या मध्यात तोडायचा, शटर ओढायचा आणि स्कूटरला किक मारायचा. माझे कितीतरी प्रश्न त्या शटरच्या आत अडकून आठवडाभर तसेच पडून राहिले आहेत.

मी त्याच्यापुढं सायबर कॅफेतून छापून आणलेलं चित्र ठेवलं. चिमट्यासारखे आवळणारे, लालभडक रंगवलेले मोठाले कॅलिपर, आणि त्यांच्यामध्ये चाकाबरोबर फिरणारी परातीएवढी भोकाभोकांची डिस्क. मला ते चित्र बघूनच तोंडाला पाणी सुटायचं. दादानं चष्मा खाली घेतला, चित्र बघितलं आणि बाहेर जाऊन माझ्या गाडीच्या चाकात हात घालून आला. "बसत न्हाई ताई. ह्ये बसवायचं तर चाक मोठं पायजे, चाक मोठं तर टायर दुसरा. आन् मागच्या चाकाचा ड्रम-ब्रेक बिचारा हाय तसाच. पुढनं मिठी मारतीया आन् मागनं सोडतीया अशी गाडी हुईल. शोभेला पायजे का थांबायला?"

"थांबायला."

"मग पयलं ऐक. गाडी टायर थांबवतंय, ब्रेक न्हवं. ब्रेक निस्तं पळायची उष्णता करतंय. तुझा पाय खाली गेला तवा डिस्कवर घासतंय त्ये पॅड गेलंच नव्हतं, पायाचा दाब चाकापत्तूर नेतंय त्ये ऑइल उकळलं व्हतं. तुमच्या साताऱ्याकडच्या पावसाळी हवेत ब्रेक ऑइल पाणी धरतंय, आन् गरम झालं की त्या पाण्याची वाफ. वाफ दाबली तर दबतीया की."

म्हणजे माझ्या पायाखाली त्या दिवशी वाफ होती. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या काउंटरवर हात आपटला आणि लसणाशिवायच्या भडंगाची डिश उलटी केली. कुठं गेलं ह्याचं उत्तर मिळालं होतं. भडंगाबद्दल मला फारसं वाईट वाटलं नाही, लसणाशिवाय ते मला कायम अर्धवटच वाटायचं.

पॅडची गोष्ट मात्र इतक्यात संपली नाही. दादानं तीन जोड्या मांडल्या. एक कंपनीची, रोजच्या वापराची. एक खास ट्रॅकची, काळीकुट्ट आणि खडबडीत, कुणीतरी मागवून न नेलेली. आणि तिसरी मधली, तिचं फक्त चित्र, ती पुण्याच्या एका आयात करणाऱ्याकडून येणार होती. मला अर्थातच ट्रॅकवाली हवी होती. सगळ्यांत जास्त उष्णता सोसणारी, म्हणजे सगळ्यांत भारी, असा माझा हिशेब. दादा म्हणाला, "ही गरम झाल्याबिगर धरत न्हाई. सकाळच्या पारी गार चाकावर दूधवाला आडवा आला, तर ती इचार करत बसंल." ट्रॅकवर ब्रेक कधी गार पडत नाहीत आणि रस्त्यावर ते बहुतेक वेळ गारच असतात, हे साधं सत्य मला तोवर सुचलंच नव्हतं. एकाच गाडीनं दोन्ही करायचं तर कुठंतरी मधे राहावं लागणार होतं. पॅडमध्ये काय काय असतं ते मी खोदून खोदून विचारलं. पितळेचे तंतू, ग्रॅफाइट, राळ, आणि काजूच्या टरफलापासून केलेली भुकटी. काजूचं ऐकून मी हरखले. तिचं नेमकं काम काय असं विचारलं, तर दादानं बाहेर सूर्याकडं बघितलं आणि शटर ओढलं.

दोन-तीन रविवार असे गेले. आबांना मी रात्री जेवताना सगळं सांगायची आणि ते लक्ष नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकायचे. मधल्या पॅडचा निर्णय खरं तर त्यांच्यामुळं झाला. "गार असताना धरत न्हाई त्यो ब्रेक माज्या दारात नगो," ते म्हणाले. "तुजी आई बसती ह्या गाडीत." मग ठरलं ते असं. डिस्क मूळच्याच मापाच्या पण चांगल्या, मधले पॅड, जास्त तापेपर्यंत न उकळणारं नवं ऑइल, ऑइल नेणाऱ्या रबराच्या नळ्यांऐवजी वरून तारेची वीण असलेल्या नळ्या, आणि चाकाकडं वारा नेणारा एक पाइप. पाइपाचं तोंड आबांनी गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून स्वतः केलं. पत्र्याला कड मुडपताना ते शिट्टी वाजवत होते. परीक्षा घेणारा माणूसच विद्यार्थ्याचा अभ्यास करून देत होता, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

नळ्या आणि ऑइल लगेच बसवले. डिस्क आणि पॅडचं खोकं नवरात्रात आलं. मी ते उघडून बघितलं, हुंगलं, परत बंद केलं आणि पलंगाखाली सरकवलं. दसऱ्याची सुट्टी होती, तेव्हा बसवायचं ठरवलं.

खंडेनवमीला माझी सकाळची पाळी होती. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड बाहेर निघतं. आई पहाटेपासून बसते, राखेनं घासते, पुसते, प्रत्येकाला तेलाचा हात लावते आणि मग हळदकुंकू, झेंडू. मी दुपारी आले तेव्हा पुरण शिजल्याचा वास गल्लीपर्यंत आला होता. देवापुढं पाटावर विळा, खुरपं, कुऱ्हाड, अडकित्ता, आबांचे पाने आणि पकडी मांडल्या होत्या. आणि मधोमध, मानाच्या जागी, माझ्या नव्या डिस्क. त्यांच्यावर ते चार पॅड ओळीनं, प्रत्येकाच्या बरोबर त्या घासायच्या तोंडावर कुंकवाची बोटं आणि एकेक झेंडू. सगळं तेलानं चमचमत होतं.

मी एक पॅड उचलला. बोटं तेलकट झाली. ब्रेकच्या पॅडला तेल म्हणजे काय, हे गाडीला कधी हात लावला असेल त्याला सांगायला नको. मला आधी विश्वासच बसेना, मग असा राग आला की कानशिलं तापली. "आई, ह्याला तेल लावलंस?"

"मग?" आई पुरण वाटत होती, तिनं मान वर केली नाही. "लोखंडाला तेलाचा हात न लावता पुजत्यात व्हय? पलंगाखाली टाकलं व्हतंस तसंच. सणाच्या दिशी."

माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते लिहीत नाही. पण मागून आबांचा हात खांद्यावर पडला. त्यांनी पाट बघितला होता, सगळं समजलं होतं, आणि त्यांनी फक्त मान हलवली. मी पॅड जागेवर ठेवला, म्हणाले, "छान मांडलीयस पूजा," आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. त्या दिवशीची पुरणपोळी मी खाल्ली एवढंच आठवतं, चव आठवत नाही.

श्रेयांसदादाला फोन केला. तो इतका हसला की मी फोन ठेवणार होते. मग गंभीर होऊन म्हणाला, "डिस्क थिनरनं पूस, तिला काय हुत न्हाई. पर पॅडला बारीक छिद्रं असत्यात, तेल आत गेलं. भाजून काढ, घास, असं सांगणारी लय भेटतील. माझी बहीण आसती तर मी तिला घालू दिलं नसतं." नवीन जोडी मागवली तर ती ट्रॅकची तारीख उलटल्यावर येणार होती.

एक मात्र सांगते. एवढी निराशा झालेली असताना माझं कुतूहल काही मेलं नाही. भाजून काढ म्हणतात, तर भाजल्यावर नेमकं काय होतं? दसऱ्याला आई सोनं वाटायला गेली, तेव्हा आबांनी परसात शेगडी पेटवली आणि आम्ही दोन पॅड तव्यावर ठेवले. थोड्या वेळानं त्यांच्या अंगातून तेल बुडबुड्यांनी वर यायला लागलं आणि भजी तळल्याचा वास सुटला. गल्लीतलं कुत्रं येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गावच्या माळावर गेलो. एका चाकाला भाजलेले पॅड, दुसऱ्याला तसेच तेलकट. आबा दगड मांडून खुणा करत होते, मी सायकलच्या वेगानं येऊन ब्रेक दाबायची. गाडी दर वेळी भाजलेल्या बाजूला ओढायची. "आरं तिच्या!" आबा टोपी मागं सारून म्हणाले. "भाजल्यालं धरतंय की. आजून एकदा ये." असं करता करता भाजलेल्या पॅडनंही धूर सोडला आणि त्याचीही पकड ढिली झाली, तरी ते म्हणत होते आणखी एकदा. दादाचं म्हणणं खरं होतं, रस्त्यावर घालायच्या लायकीचे ते राहिलेले नव्हते. पण आबांना मी इतकं खुशीत क्वचित पाहिलं होतं. आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांची आठवण आली की मला ते फौजेच्या गणवेशातल्या फोटोतले दिसत नाहीत, माळावर दगड घेऊन पळणारे दिसतात.

येताना ते म्हणाले, "तुज्या आईला कळू द्यायचं न्हाई. पुजेचं हाय." मी मान डोलावली. डिस्क थिनरनं पुसून घेतल्या आणि चाकांना कंपनीचे साधे नवे पॅड घातले. परीक्षा पुढं ढकला असं मी म्हणाले असते तर आबांनी कदाचित ढकलली असती, पण ट्रॅकची तारीख थांबणार नव्हती, आणि मलाही बघायचं होतं की नवं ऑइल, नव्या नळ्या आणि वाऱ्याचा पाइप एवढ्यावर साधा पॅड किती तग धरतो.

परीक्षेच्या दिवशी पाचगणीला चहा घेतला आणि निघालो. आबा शेजारी, आई मागं, तिच्या बाजूला शेंगांची पोती आणि मांडीवर दशम्यांचा डबा. मोठ्या गिअरात गाडी अशी सुटत होती की प्रत्येक वळणाला पाय ब्रेकवर. डावीकडं, उजवीकडं, खाली धोम धरणाचं पाणी कधी ह्या काचेत कधी त्या काचेत. पाय मात्र घट्ट होता. एकदाही मऊ पडला नाही. अर्धा घाट असा गेला आणि मला वाटायला लागलं की जमतंय. मग तो वास आला, जळक्या चिंधीसारखा. मी आबांकडं बघितलं नाही. त्यांच्या नाकाबद्दल मला शंका नव्हती, पण त्यांनी नुसती आपल्या बाजूची काच खाली केली. शेवटी मागून आईच म्हणाली, "उजू, कायतरी जळतंय गं."

एका रुंद वळणावर मी गाडी कठड्याशी घेतली. पुढच्या चाकांतून बारीक धूर निघत होता. संपलं, असं मनाशी म्हटलं आणि इंजिन बंद केलं. आई खाली उतरली, चाकापाशी जाऊन वाकून बघायला लागली. "म्या पुजल्यालंच घातल्यात नव्हं ह्यात?"

"घातल्यात, घातल्यात," आबा घाईनं म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. ती चाकाकडं बघतच राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "मग जळलं कसं? पुजेत काय चुकलं का काय माजं?"

ते मला ऐकवेना. आबांना दिलेला शब्द मी तिथल्या तिथं मोडला. सगळं सांगितलं. पॅड लोखंडाचा नसतो, मागची पट्टी तेवढी लोखंडी, त्याला तेल लागलं की तो धरत नाही, म्हणून ते घातलेच नाहीत, हे साधे आहेत. पूजेत काही चुकलं नाही, तेलानं बिघडलं. आबा दरीकडं तोंड करून उभे होते.

आई कठड्यावर बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तरीच पीत व्हतं."

"काय?"

"एक हात लावला, कोरडं. परत लावला, परत कोरडं. मला नवलच वाटलं, म्हटलं ह्ये लोखंड तेल कसं पितंय? इळा पीत न्हाई, कुऱ्हाड पीत न्हाई. पर म्या लावत ऱ्हायले. म्हटलं पिऊ दे, लांब जायाचंय त्याला."

"पण एवढं कशाला, आई?"

तिनं आधी आबांच्या पाठीकडं बघितलं. मग पदराशी चाळा करत, सांगू की नको अशा आवाजात म्हणाली, "तुजं आबा सुट्टी सपून निघायचं, तवा आदल्या दिशी म्या त्यांच्या ट्रंकंच्या कडीला तेलाचा हात लावायची. माज्या आईनं सांगितल्यालं. जाणाऱ्याच्या लोखंडाला घरचा हात लागला की त्ये माणसाला घिऊन माघारी येतंय. बोलून दावायचं नसतंय म्हणून कवा बोलले न्हाई."

घाटात त्या वेळी एकही गाडी नव्हती. आबा वळले. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा ऐकली होती हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "पलटणीत समद्यांच्या कड्या गंजायच्या," ते म्हणाले. "माझी न्हाई. मी सांगत फिरायचो, साताऱ्याच्या पेठंतली ट्रंक हाय. मला वाटायचं लोखंडच चांगलं हाय." मग ते हसले, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले.

ट्रॅकला जायची परवानगी मी आबांकडं मागत होते, त्यांच्यासाठी नळ्या बदलत होते, घाट उतरत होते. आईला मी विचारलंच नव्हतं. तिला ह्यातलं काय कळतंय, असं धरून चालले होते. आणि तिनं नवमीच्या पहाटे, मी कारखान्यात असताना, माझं लोखंड हातात घेऊन मला जायला सांगून टाकलं होतं. लग्नानंतर जे ती फक्त नवऱ्यासाठी करत आली होती, ते तिनं माझ्यासाठी केलं होतं. ज्या तेलापायी मी मोरीत रडले, ते तेल ते होतं.

आबांनी घसा साफ केला. ते शेवटी फौजीच. "पाय खाली गेला न्हाई, ही गोष्ट बरूबर. पर वास आला. नापास. नवीन पॅड आलं की पुन्यांदा घाट उतरायचा."

"तुमी घ्या तुमची परीक्षा," आई डबा सावरत गाडीत बसता बसता म्हणाली. "म्या तिला कवाच सोडलीया."

राहिलेला घाट आम्ही दुसऱ्या गिअरात उतरलो, आबांच्या पोथीप्रमाणं. ती दिवाळीआधीची खेप हुकली. नवीन पॅड आले, ह्या खेपेला मी ते गाडीला लावूनच घरी आणले, मोकळ्या रस्त्यावर हळूहळू तापवून गार करून डिस्कवर नीट बसू दिले, आणि त्याच पोत्यांसकट पसरणीचा घाट परत उतरले. वास आला नाही. आबा वाईला उतरून चाकापाशी वाकले, हुंगले आणि म्हणाले, "जा." गल्लीतल्या उतारावरचं किंचाळणंही त्या पॅडनी बंद केलं, त्यामुळं आईला भाकरी कधी टाकायची ते कळेना आणि तिची फार चिडचिड झाली.

पुढच्या खेपेला, ट्रॅकला निघायच्या दिवशी सकाळी मी टायरची हवा बघत होते. आई तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांकडं संशयानं बघितलं आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "ह्यातलं कुठलं लोखंड तेल पीत न्हाई, त्ये दाव."

मी खाली वाकून पुढच्या बंपरखालचा, गाडी ओढायचा हूक दाखवला. ती उकिडवी बसली, वाटीत बोटं बुडवली आणि हुकाला सगळीकडून तेलाचा हात लावला. मग ते कोरडं होतंय का ते बघत बराच वेळ तशीच बसून राहिली.